हळदीचा कागद आणि हाफिजाभाभींची सांदणं

वादी कबीर, मस्कत
१२ सप्टेंबर २०१४

ती. मीराताई,

साष्टांग नमस्कार. ईमेलवर साष्टांग कसा घालतात ते मला माहीत नाही, पण तुम्ही तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंत, शिवाय माझ्या नणंदबाई आहात, तेव्हा वाकलेलं बरं.

काल सईचा विज्ञानाचा अभ्यास घेतला. पाचवीतली पोर, पण शाळेने आतापासूनच सातवीचं पाजायला घेतलंय. ‘ॲसिड टर्न्स ब्लू लिटमस रेड’ हे तिने डोळे मिटून, मान डोलवत, रामरक्षेसारखं म्हणून दाखवलं. मी विचारलं, लिटमस म्हणजे काय गं? तर म्हणाली, ‘आई, आय थिंक छोटा ॲनिमल असतो.’ वर्गात कुणीच अजून लिटमस पाहिलेला नाही. पैकीच्या पैकी मार्क मात्र सगळ्यांना आहेत.

तर मी ठरवलंय. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आमच्या हॉलमध्ये प्रयोगांचा वर्ग घ्यायचा. मुलं बिल्डिंगमधलीच. आमची सई, तिसऱ्या मजल्यावरचा चिन्मय, आणि समोरच्या दारातल्या हाफिजाभाभींची महेक, हमझा आणि त्यांच्या दिराची अंबरीन. हाफिजाभाभी रत्नागिरीच्या, त्यांच्या मिस्टरांचं, इम्रानभाईंचं, इथेच गाड्यांचं वर्कशॉप आहे. त्यांनी ‘घेऊन जा गो तिघांनाही, जुम्म्याच्या नमाजापर्यंत माझं डोकं तरी शांत राहील’ असं म्हणून विज्ञानाला उदार आश्रय दिला. तुमच्या बंधुराजांनी दोनच अटी घातल्या: घरमालकाच्या सोफ्याला डाग नको आणि घराला आग नको. बाकी स्त्रियांच्या प्रगतीला नंदूचा पूर्ण पाठिंबा आहे.

हसू नका. मला हे मनापासून हवंय. फॅमिली व्हिसावर नोकरी करता येत नाही. रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये आठ वर्षं काढलेली बाई इथे सहा वर्षं काय करतेय, तर लिफ्टमध्ये ‘आज भाजी कसली?’ या प्रश्नाला उत्तर देतेय. हा वर्ग जमला नाही तर एक दिवस मी स्वतःच ती भाजी होईन.

तेव्हा मुलांच्या हातात देता येतील असे, घरातल्या वस्तूंचे सोपे प्रयोग रचून द्या. फोन केला असता, पण स्काईप इथे बंद आणि फोनचं कार्ड तुमची प्रस्तावना संपायच्या आत संपतं.

तुमची,
रेखा

*

पुणे
१५ सप्टेंबर २०१४

चि. रेखा,

अनेक आशीर्वाद. मी निवृत्त झाल्यापासून मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात ‘गॅस बंद केलास का’ हे शब्द नव्हते. म्हणून उत्तर लगेच देते.

आधी एक समजून घे. प्रयोग म्हणजे जादू नव्हे. फेस आला, टाळ्या वाजल्या, पोरं घरी गेली, याला मी वाढदिवस म्हणते. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, म्हणजे जे घडलं ते कशामुळे हे मुलाला कळतं. हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज मोठ्याने सांगायचा. चुकला तर बिघडत नाही, पण गप्प बसलेल्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. कुठल्याही वस्तूची चव घ्यायची नाही. आणि मुलं विचार करत असताना तू बोलायचं नाहीस. हे तुला जड जाईल, पण प्रयत्न कर.

पहिला प्रयोग पाण्याचा. दोन सारख्या बाटल्या घे. एकीत नळाचं पाणी, दुसरीत विकतचं. दोन्हीत अंगाच्या साबणाचा कीस सारखाच टाक आणि सारखंच हलव. नळाचं पाणी दुष्फेन असतं, क्षारांमुळे साबणाला दाद देत नाही. विकतच्या पाण्याला भरपूर फेस येईल. फरक इतका ढळढळीत असेल की नंदूलासुद्धा दिसेल.

सोफ्यावर जुनी चादर टाक. आग लागण्यासारखं मी काही सांगणार नाही, ते काम नंदू स्वयंपाकघरात शिरला की आपोआप होतं.

तुझी,
मीराताई

*

वादी कबीर
२१ सप्टेंबर २०१४

ती. मीराताई,

अभिनंदन. तुमच्या पहिल्या प्रयोगाने आमची बिल्डिंगभर शोभा झाली.

पाचही मुलं मांडी घालून बसली. अंदाज सांगून झाले. अंबरीन, वय सहा, म्हणाली बाटलीतून जिन निघेल. बाटल्या हलवल्या. नळाच्या पाण्याला इतका फेस की बूच उडालं. विकतच्या पाण्यालाही तितकाच. मुलं माझ्याकडे बघतायत, मी बाटल्यांकडे बघतेय. शेवटी हमझा समजूत घातल्यासारखा म्हणाला, ‘इट्स ओके आंटी, नथिंग हॅपन्ड.’ नेमके त्याच वेळी तुमचे बंधुराज चहा घेऊन आले, दोन्ही बाटल्या निरखून म्हणाले, ‘मला तर काही फरक दिसत नाही बुवा.’

अहो ताई, इथे नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं करून येतं. त्यात तुमचे पुण्याच्या बोअरचे क्षार कुठून असणार? ही गोष्ट आठ वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला फेस आल्यावर आठवली, हेही लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला लिहायचे कष्ट नकोत.

वर चिन्मयची आई डोकावून गेली. ‘भाभी, कोर्स संपल्यावर सर्टिफिकेट देणार ना?’ मी म्हटलं, देणार की, लॅमिनेट करून.

पण एक सांगू? जाताना महेकने विचारलं, ‘आंटी, मग फरक पडायला पाण्यात काय मिक्स करायचं?’ मला तो प्रश्न इतका आवडला, इतका आवडला, की दिवसभर एकटीच हसत होते. पुढचं लवकर पाठवा.

रेखा

*

पुणे
२३ सप्टेंबर २०१४

चि. रेखा,

समुद्राच्या काठावर राहून तुला दुष्फेन पाणी मिळेना! बाटली घे, मत्र्याच्या किनाऱ्यावर जा, समुद्रातून भरून आण. त्यात साबणाचं दही होईल. चूक माझी, कारण नळ पाहिल्याशिवाय प्रयोग रचला. तुझी चूक तू कबूल केलीसच, तेव्हा बरोबरी झाली.

आता हळद. हळद कोमट पाण्यात कालव, कागदाच्या जाडसर पट्ट्या त्यात बुडव, सावलीत वाळव. मग एकेका पट्टीवर लिंबू, व्हिनेगर, ताक, साबणाचं पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी असे थेंब. आंबट पदार्थात हळद पिवळीच राहते. साबण-सोडा लागला की लाल होते. त्या लालवर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. सोड्याचं पाणी तू स्वतः चमच्याने टाक, मुलांच्या हातात देऊ नकोस. हा तुझा लिटमस. तोही पायलीभर, आणि छोटा ॲनिमल न मारता.

नवरात्र लागतंय, तेव्हा जाता जाता सांग की कुंकूसुद्धा पूर्वी हळदीचंच करत. आणि उरलेल्या पट्ट्या मुलांना घरी नेऊ दे. प्रयोग घरापर्यंत गेला नाही तर तो झालाच नाही असं मी समजते.

तुझी,
मीराताई

*

वादी कबीर
१२ ऑक्टोबर २०१४

ती. मीराताई,

हे पत्र बसून वाचा.

हळदीचा प्रयोग २६ तारखेला झाला आणि असा झाला की नंदूने टीव्ही बंद केला. समुद्राच्या पाण्यात साबणाचं दही झालं, मग पट्ट्या. पिवळ्याची लाल, लालची पिवळी! पाच मुलं एकदम किंचाळली. सई ओरडली, ‘आई, हळद सोपला घाबरते!’ मराठीत ओरडली हो, पहिल्यांदाच. चिन्मयने स्वतःच्या बुटाला पट्टी लावली. मी भरात येऊन कुंकवाची गोष्ट सांगितली. ती सांगून होते न होते तोच महेकने लाल पट्टीचं ओलं टोक कपाळाला टेकवलं आणि टिळा लावून आरशासमोर उभी राहिली. मग सगळ्यांनीच. फोटो निघाले. हसतखेळत मुलं घरी गेली. महेक टिळ्यासकट.

पुढच्या शुक्रवारी दसरा होता, त्याला लागून ईदची सुट्टी. या वेळी ईदला आम्ही निझव्याला गेलो. नंदूला तिथला किल्ला पाहायचा होता. हाफिजाभाभी दर ईदला सांदणं पाठवतात, तांदळाची, नारळाच्या दुधातली, वाफवलेली. फार छान असतात. यंदा आली नाहीत. मला वाटलं, आपण गावाला गेलो म्हणून असेल.

परवा वर्ग. दहा वाजले, सव्वादहा वाजले. महेक नाही, हमझा नाही, अंबरीन नाही. सई बोलवायला गेली. दार अर्धं उघडून हाफिजाभाभी म्हणाल्या, ‘आता नाही यायची मुलं.’ बस. दार बंद. तिघं गेल्यावर चिन्मयच्या आईने त्याला त्याच वेळेच्या अबॅकसला घातलं, कारण तिथे सर्टिफिकेट आहे. उरली सई. आईने एकट्या मुलीचा वर्ग घ्यायचा म्हणजे शिकवणं नव्हे, शिक्षा.

ताई, ते कुंकू! माझी तर पाचावर धारण बसलीय. एका मुसलमान घरातल्या मुलीला मी नवरात्रात कपाळाला टिळा लावून घरी पाठवलं. इतकी कशी अक्कल गहाण टाकली मी? काल लिफ्टमध्ये इम्रानभाई भेटले, त्यांनी मान खाली घातली. मी तर भिंतीतच घुसले. आता काय करू ते सांगा. हा वर्ग गेला तर माझ्याकडे लिफ्टच उरते, आणि आता तीही सुखाची राहिली नाही.

रेखा

*

पुणे
१३ ऑक्टोबर २०१४

चि. रेखा,

कपाळाला धुण्याचा सोडा? तू रंगाच्या कंपनीत होतीस ना? भिंत आणि मुलीचं कपाळ यांत फरक असतो, हे तिथे शिकवलं नाही वाटतं. आधी ते विचार, की पोरीच्या कपाळाला काही झालं का.

बाकी तू म्हणतेस ते उघड आहे. त्या बाईंच्या भावना दुखावल्या. कुंकवाची गोष्ट मी सुचवली, तेव्हा मीही त्यात आलेच. अशा वेळी उशीर करायचा नाही. पुण्यात आमच्या सोसायटीतही असं काहीसं झालं होतं, तेव्हा आम्ही बैठक घेतली, निवेदन काढलं, आणि त्यानंतर कुणीच कुणाशी बोललं नाही. तसं व्हायला नको असेल तर स्वतः जा. सोबत काहीतरी गोड ने, चांगल्या दुकानातलं. मी चार वाक्यं लिहून देते, ती पाठ कर. तू मनाने बोलायला लागलीस की वाहवत जातेस.

‘हाफिजाभाभी, त्या दिवशी जे घडलं त्याबद्दल आम्हाला मनापासून खेद आहे. आमचा हेतू निव्वळ शास्त्रीय होता. आपल्या धार्मिक भावनांचा आम्ही नेहमीच आदर करत आलो आहोत. यापुढे वर्गात असा कोणताही विषय निघणार नाही.’

नीट उभी राहून बोल, रडू नकोस. नंदूला नेऊ नकोस.

तुझी,
मीराताई

*

वादी कबीर
१८ ऑक्टोबर २०१४

ती. मीराताई,

काल जाऊन आले. रुवीतून शुद्ध तुपातली काजूकतली नेली, तुमची चारही वाक्यं नेली. कशी गेले ते विचारू नका, परत कशी आले ते सांगते.

दार हाफिजाभाभींनीच उघडलं. मी उंबऱ्यावर उभी राहून तुमचा माफीनामा एका दमात म्हटला, सईने लिटमस म्हटलं होतं तसाच. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘कुठला दिवस?’

मी म्हटलं, कुंकवाचा.

‘कसलं कुंकू?’

मी खुणेने कपाळ दाखवलं. ‘ते होय!’ म्हणाल्या. ‘लाल तोंड करून आली होती कार्टी. मी म्हटलं, थोबाड धू आणि जेवायला बस. धुतल्यावर गेलं की. त्याचं काय?’

ताई, कुंकवाचा आणि त्यांच्या रागाचा काडीचा संबंध नव्हता. झालं होतं ते असं. ईदच्या दिवशी त्यांच्याकडे अल मवालेहहून इम्रानभाईंच्या खुदेजाफूफी आल्या होत्या, सोबत दहाबारा माणसं. या खुदेजाफूफींची सांदणं म्हणजे मस्कतमधल्या सगळ्या कोकणी घरांत शेवटचा शब्द. त्यांच्यासमोर हाफिजाभाभी अगदी ठासून सांगत होत्या, ‘आमच्यात सोडाबिडा नाही हो, रात्रभर पीठ आंबवते, आपसूक फुगतात.’ आणि महेकच्या नव्या ड्रेसच्या खिशात होत्या तुमच्या पट्ट्या. प्रयोग घरापर्यंत गेला, ताई! पोरीने सगळ्या पाहुण्यांना आधी अंदाज सांगायला लावले. खुदेजाफूफींनासुद्धा. मग गरम सांदणावर ओली पट्टी ठेवली. ती झाली लालभडक. आणि महेक टाळ्या पिटत ओरडली, ‘अम्मी, धिस इज अ बेस! यात सोडा आहे!’

खुदेजाफूफींनी नुसतं ताट बाजूला सरकवलं. हाफिजाभाभी म्हणाल्या, ‘एसीत पीठ फुगत नाही, पीठ आंबवायला गावासारखी ताडी-माडी इथे मिळत नाही, मग काय करू, सोडा घालते. घरात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. तुम्ही माझ्या पोरीला शिकवा की खुशाल, पण माझ्याच घरावर धाड घालायला कशाला शिकवता?’ इम्रानभाई लिफ्टमध्ये मान खाली घालत होते ते हसू दाबायला.

मला एवढं हायसं वाटलं! मी खो खो हसत सुटले. त्याही हसायला लागल्या. तिथेच थांबले असते तर आज महेक, हमझा, अंबरीन सगळे वर्गात असते. पण तुम्ही म्हणता ते खरं, मी वाहवत जाते. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, ‘भाभी, जाऊ दे हो. इतकी वर्षं तुमची सांदणं खातोय, आम्हाला तर सोडा आहे असं कधी जाणवलंसुद्धा नाही.’

त्यांचं हसू थांबलं.

‘नाही जाणवलं?’

‘अजिबात नाही.’

‘अंबरीन सहा वर्षांची आहे,’ त्या म्हणाल्या. ‘ती म्हणते, चाची, साबण लागतो. इम्रान दर ईदला म्हणतात, खाऊ की आंघोळ करू. तुम्ही आठ वर्षं लॅबमध्ये होता, भाभी. आणि तुम्हाला जाणवलं नाही.’ मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, ‘तुम्ही कधी खाल्लीच नाहीत.’

मी म्हटलं, असं कसं, तसं नाही, एकदा पोट बिघडलं होतं. काय वाटेल ते बोलले. त्या आत गेल्या आणि एक पातेलं घेऊन आल्या, चाळणीसकट, नवंकोरं दिसणारं. ‘हे तुमचं,’ म्हणाल्या. ‘तुम्ही व्हेजवाल्या, आमच्या रोजच्या भांड्यातलं तुम्हाला नको वाटेल, म्हणून पहिल्या वर्षीच आणलं. यात तुमच्याशिवाय कुणाचं शिजत नाही. आणि तुम्हाला वाटलं, मी कुंकवावरून भांडतेय.’

मी निघाले. काजूकतली परत उचलणार होते, तर म्हणाल्या, ‘ठेवा. आम्ही खाऊ.’

दर ईदला डबा यायचा, मी ‘वा, किती हलकी!’ असं दारात म्हणायची, आणि संध्याकाळी तो खाली वॉचमनकडे जायचा. तुमचे बंधुराज ऑफिसच्या खाली उभं राहून शावरमा खातात आणि मला ते माहीत नाही असं समजतात, तेव्हा त्यांच्यावर ढकलायचीही सोय नाही. मीच द्यायची. का, ते मलाही धड सांगता येणार नाही. भांडी, वास, काहीतरी.

मला फार वाईट वाटतंय, ताई. वर्ग गेलाच. पण आता समोरचं दार उघडण्याचा आवाज आला की मी आमचं उघडत नाही.

रेखा

*

पुणे
१९ ऑक्टोबर २०१४

चि. रेखा,

‘आपल्या धार्मिक भावनांचा आम्ही नेहमीच आदर करत आलो आहोत.’ हे वाक्य मी लिहिलं. काल रात्रीपासून ते माझ्या कानात वाजतंय. पोरीचा कान धरून ‘तुझ्या आईला राग का आला गं’ असं विचारलं असतंस तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. ते तुला सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. आपल्याला कारण आधीच माहीत होतं ना! दोघी पदवीधर.

या वेळी मी काही रचून देणार नाही. मागच्या वेळी रचून दिलं त्याचे काय दिवे लागले ते पाहिलं. आणि मी तरी कुठल्या तोंडाने सांगू? आमच्या जिन्यातल्या सय्यदबाई मला दरवर्षी शीरखुर्मा देतात. मी तो खाते, पण आपल्या भांड्यात काढून, आणि ते भांडं नंतर राखेने घासते.

तुझं तू बघ.

मीराताई

*

वादी कबीर
२५ ऑक्टोबर २०१४

ती. मीराताई,

दिवाळीच्या शुभेच्छा. चकल्या बिघडल्या. लिहिण्यासारखं दुसरंही आहे.

दरवर्षी मी सईच्या हातून समोर फराळाचा डबा पाठवते. यंदा नाही पाठवला. काल पाडव्याला सकाळी, नंदू ओवाळणीचं काय ते ठरवत बसला होता तेव्हा, मोकळ्या हाताने जाऊन मी बेल वाजवली.

हाफिजाभाभींनी दार उघडलं. हातांकडे पाहिलं, डबा नाही. म्हणाल्या, ‘आज कशाची माफी?’

मी म्हटलं, ‘भाभी, एक सांदण द्या.’

‘ईद होऊन गेली.’

‘मग पुढच्या ईदपर्यंत थांबते. इथेच, दारात.’

‘आत या,’ म्हणाल्या. ‘लिफ्टमधली लोकं बघतायत.’

स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. पीठ भिजवलेलं होतंच, शुक्रवारी त्यांच्याकडे करतात. त्यांनी ते माझं नवंकोरं पातेलं खाली काढलं. मी म्हटलं, ‘ते नको. रोजचं घ्या.’ त्या थांबल्या. ‘काल यात मटण होतं,’ म्हणाल्या, मुद्दाम. मी म्हटलं, ‘घासलंय ना?’ ‘घासलंय म्हणजे? माझ्या घरात न घासलेलं भांडं असतं काय?’ ‘मग झालं तर.’

वाफ येईपर्यंत त्या ओटा पुसत राहिल्या.   मग त्यांनी एक सांदण बशीत घालून पुढ्यात ठेवलं आणि ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

मी घास घेतला. मऊ होतं, नारळाचं होतं, गोडसर होतं, आणि मागून जिभेवर साबण. सणसणीत. जन्मभर दारात उभी राहून ‘वा, किती हलकी!’ म्हणायची सवय, ते अगदी ओठांवर आलं होतं.

‘भाभी,’ मी म्हटलं, ‘सोडा फार झालाय. साबण लागतो.’

‘काय?’

‘साबण लागतो म्हटलं. निम्म्याने कमी करा.’

‘निम्म्याने कमी केला तर दगड होतील दगड! तुम्हाला काय कळतं सांदणातलं?’

‘सांदणातलं नाही कळत. सोड्यातलं कळतं. पीठ एसीत ठेवता म्हणून फुगत नाही. चिमूटभर यीस्ट घाला आणि रात्री बाल्कनीत ठेवा, मस्कतच्या उकाड्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे.’

‘सहा वर्षांनी एक सांदण खाल्लं आणि मला शिकवायला लागली!’ त्यांचा आवाज इतका चढला की इम्रानभाई आतून डोकावले आणि माझ्या हातातली बशी बघून परत आत गेले. ‘खुदेजाफूफीची हिंमत नाही माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला नावं ठेवायची!’

मी बशी रिकामी केली आणि पुढे धरली. म्हटलं, ‘अजून एक द्या.’

त्यांनी मग पाठ वळवली, पातेल्याचं झाकण काढलं, एक नाही, दोन वाढली. डोळ्यांना पदर लावला, म्हणाल्या वाफ गेली. बशी माझ्या मांडीवर आदळली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, ‘महेक! हमझाला उठव, अंबरीनला हाक मार! शुक्रवार आहे आज, क्लासला जायचं नाही काय?’

तुमची,
रेखा